चिमूटभर बी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी एक व्युत्पत्ती आमच्या शाळेतील संस्कृतच्या मास्तरांनी आम्हांला सांगितली होती. तिथी ठरलेली नसली तरी हा अतिथी दारातून येतो, पायरीवर वहाणा काढतो आणि आपले नाव सांगतो, हे त्या व्याख्येत गृहीत धरलेले आहे. परंतु असेही काही पाहुणे असतात, की जे दुसऱ्या पाहुण्याच्या वळकटीत दडून येतात, नावगाव सांगत नाहीत आणि ज्याच्याबरोबर आले तो परत गेला तरी आपण मात्र कायमचे राहतात. अशा पाहुण्यांपैकी एकाशी आमची रोज सकाळी गाठ पडते.

आम्ही भाईंदरास राहावयास आलो त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. आमचा फिरावयास जाण्याचा रस्ता पश्चिमेकडील मिठागरांच्या कडेने जातो. ज्या वाफ्यांत खाडीचे पाणी कोंडून मीठ पिकवितात, तेथे गवताची काडीही सहसा उगवत नाही. नजर पोचेल तेथपर्यंत पाणी, चिखल आणि मिठाचे ढीग. परंतु मीरा-भाईंदर हे बरेचसे भरावावर वाढलेले शहर आहे. कोठे खाणीचा मुरूम येऊन पडतो, कोठे पाडलेल्या इमारतीचे डबर, कोठे दूरच्या कोणत्या तरी शेताची माती. अशी गाडीभर माती जेथे पडते, तेथे थोड्याच दिवसांत एक हिरवे रोप डोके वर काढते. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, फुले पांढरी व ज्वारीच्या दाण्याएवढी. नव्या इमारतीत माणसे राहावयास येण्यापूर्वी तिच्या आवारात हे रोप राहावयास आलेले असते. शास्त्रज्ञ त्याला पार्थेनियम हिस्टेरोफोरस म्हणतात. आपण गाजर गवत म्हणतो. कोठे त्याला चटकचांदणी म्हणतात, कोठे पांढरी टोपी, आणि काँग्रेस गवत हे नाव तर सर्वांच्याच तोंडी आहे.

या रोपाचे गुण थोडक्यात सांगता येतात, कारण त्याला गुण फारसे नाहीतच. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत आणि नाइलाजाने खाल्लेच, तर दुधाला कडवट चव येते. उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या पुष्कळांच्या त्वचेवर पुरळ उठते. त्याच्या परागांनी दम्याचे रोगी हैराण होतात. शेजारच्या पिकाचे उगवणे खुंटविणारी द्रव्ये त्याच्या पानामुळांतून जमिनीत उतरतात. उगवल्यापासून सुमारे महिनाभरात ते फुलावर येते आणि एकेका मोठ्या झाडाला हजारो बिया धरतात. मूळचे ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. मग ते भाईंदरच्या मिठागरापाशी आले कसे?

आमच्या पिढीतील बहुतेकांनी या प्रश्नाचे उत्तर एकाच रीतीने ऐकलेले आहे. देशात धान्याचा तुटवडा पडला. सरकारने अमेरिकेकडून पी. एल. ४८० या कायद्याखाली गहू आणला. त्या गव्हात या गवताचे बी होते. आणि सरकार काँग्रेसचे म्हणून गवतही काँग्रेसचे. कोणी म्हणतात, फुलांचा पांढरेपणा गांधीटोपीसारखा म्हणून ते नाव पडले. आमच्या मातोश्री रेशनच्या रांगेत मिळणाऱ्या तांबड्या मिलोची आठवण सांगत आणि शेवटी म्हणत, "त्यांनी धान्य दिलं आणि वर गवतही दिलं." आम्ही इतिहासाचे अध्यापक. परावलंबनाची किंमत या विषयावर बोलताना ही कथा वर्गात सांगण्याचा आमचा परिपाठ होता, आणि तीवर विद्यार्थी हमखास हसत.

एके वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने हसण्याऐवजी विचारले, "सर, तो कायदा कोणत्या साली झाला?" आम्ही साल सांगितले. पुढे तिने विचारले, "आणि गवत कोणत्या साली दिसलं?" ते मात्र आम्हांला सांगता आले नाही. इतिहास शिकविणाऱ्याने सनावळी न पाहता कथा सांगावी, याहून मोठा प्रमाद कोणता? त्या दिवशी ग्रंथालयात बसून जे आढळले ते असे. पी. एल. ४८० हा अमेरिकेचा कायदा जुलै १९५४ मधला, आणि त्याखाली भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. उलटपक्षी, पुण्यात उकिरड्यावर या गवताची तुरळक रोपे प्रा. परांजपे यांनी पाहिली ती १९५१ साली. आणि भारतातील नवी वनस्पती म्हणून आर. एस. राव यांनी तिची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली ती १९५६ साली. म्हणजे आरोपी गावात येण्यापूर्वीच चोरी होऊन गेली होती! इतकेच नव्हे, तर १८१४ साली छापलेल्या रॉक्सबर्गच्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाच्या यादीतही हे नाव आढळते.

यावरून परदेशी धान्य निर्दोष ठरते असे मात्र नाही. १९५१ सालीच अमेरिकेने भारताला गव्हासाठी कर्ज दिले होते, आणि त्याच्या आधीही युद्धकाळाच्या टंचाईपासून बाहेरचे धान्य आपल्या बंदरांत उतरतच होते. पुण्याच्या उकिरड्यापासून पुढे पाच-सात दशकांत हे गवत देशभर ज्या वेगाने पसरले, त्याला धान्याची पोती, मालगाड्या, लॉऱ्यांची चाके व नदीनाल्यांचे पूर यांनी हातभार लावला यात शंका नाही. परंतु ज्या एका करारावर आपण सारे खापर फोडीत आलो, तो निदान पहिल्या रोपापुरता तरी सुटतो. खापर फोडावयास दूरचे डोके मिळाले, की आपल्या हातातली पिशवी तपासण्याचे राहूनच जाते, ही गोष्ट तेव्हा आमच्या मनात आली. ती पुरती समजली मात्र पुढे, आणि तीही आमच्याच फजितीतून.

धान्य आणि बियाणे यांत एक मोठा भेद आहे. धान्यात मिसळलेले तणाचे बी बहुधा जात्यात किंवा गिरणीत मरते. धक्क्यावर, वखारीत, वाटेवर सांडेल तेवढेच काय ते जगते. बियाण्यात मिसळलेल्या तणाचे भाग्य थोर. शेतकरी त्याच्यासाठी जमीन नांगरतो, खत घालतो, पाणी देतो आणि आपल्या हाताने त्याला ओळीत पेरतो. शत्रूला पालखीतून आणून गादीवर बसविण्याचाच हा प्रकार. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात क्लर्मंट नावाचे गाव आहे. तेथे १९६० च्या सुमारास हेच गाजर गवत आले, ते टेक्सासहून मागविलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यातून. गुरांसाठी कुरण चांगले व्हावे म्हणून बी आणले, आणि गुरे ज्याला तोंड लावीत नाहीत त्या तणाने ती कुरणे व्यापली.

हे मिश्रण डोळ्याला दिसत नाही, येथेच सारी मेख आहे. लसूणघासाचे बी आणि त्यावर वाढणाऱ्या अमरवेलीचे बी आकाराने इतके जवळचे, की साध्या चाळणीने ती दोन्ही वेगळी होत नाहीत. घास पेरावा आणि थोड्या दिवसांनी त्यावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरलेले पाहावे. ज्याने बी विकले त्याने फसविलेच असे नव्हे. अनेकदा विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

आणि हे दुसरेच आपल्याला देतात, आपण कोणाला देत नाही, असेही समजण्याचे कारण नाही. नाशिक-ठाण्याच्या डोंगरउतारांवर आदिवासी शेतकरी जे कारळे पिकवितात, ज्याला कोणी खुरासणी म्हणतात, ते आपल्या देशातून अमेरिकेस जाते. तेथील लोक ते चिमण्यापाखरांना खावयास घालतात. पण आपल्या या मालात अमरवेलीचे व इतर तणांचे बी सापडू लागल्यामुळे अमेरिकेच्या सरकारने नियम केला, की हे कारळे १२० अंश सेल्सिअस उष्णतेत १५ मिनिटे तापवून, उगवण्याची शक्ती मारूनच देशात घ्यावे. मिलोची कथा सांगणाऱ्या मातोश्रींना ही दुसरी कथा ठाऊक नव्हती. त्या ऐकून काय म्हणाल्या असत्या, याचा विचार आम्ही अनेकदा करतो.

तणाचे बी निदान डोळ्याला दिसते तरी. रोग दिसतही नाही. डाळिंबावर पडणारा तेलकट डाग, ज्याला आपले बागाईतदार तेल्या म्हणतात, त्याची भारतातील नोंद १९५२ सालची आहे. परंतु या शतकाच्या पहिल्या दशकात सोलापूर, सांगोला, नाशिक, मालेगाव या टापूंतील बागांवर त्याने जो घाला घातला, त्याने कित्येकांनी फळांनी लदलेली झाडे मुळासकट काढून टाकली. हा रोग एका जिवाणूचा. पावसाच्या थेंबांनी तो पानोपान उडतो, छाटणीच्या कात्रीवरून झाडोझाड जातो. पण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात त्याला पोचविणारे वाहन म्हणजे गुटी कलम. डाळिंबाला भाव आला, सर्वांनाच बाग करावीशी वाटू लागली आणि जेथून मिळेल तेथून कलमे आणली गेली. कलम दिसावयास हिरवेगार, पानावर डाग नाही. आणि आत रोग मुक्कामाला. विकणारा पाहुणा, घेणारा सोयरा, दोघांत विश्वास; म्हणूनच कोणी विचारले नाही. डाळिंबासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरात स्थापन झाले. निरोगी मातृवृक्षापासूनच रोपे घ्यावीत, कात्री निर्जंतुक करावी, हा शास्त्रज्ञांचा उपदेश आता बागाईतदारांना पाठ झाला आहे. पण तो पाठ होण्यासाठी किती संसारांची फी भरावी लागली!

सरकारला ही गोष्ट कळत नव्हती असे नाही. विनाशकारी कीटक व किडी यांविषयीचा कायदा या देशात १९१४ साली झाला. आज परदेशातून बी किंवा रोप आणावयाचे, तर २००३ च्या वनस्पती क्वारंटाईन आदेशाप्रमाणे आगाऊ परवाना लागतो, निघताना त्या देशाच्या अधिकाऱ्यांचा निरोगीपणाचा दाखला लागतो आणि बंदरावर वा विमानतळावर तपासणी व्हावी लागते. क्वारंटाईन हा शब्द करोनाच्या साथीत घरोघर पोचला; रोपांनाही तो लागू आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. ही तपासणी नीट झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरणही गाजर गवताच्याच चरित्रात आहे. १९८३ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून एक लहानसा भुंगा आणला, जो हे गवत खाऊन जगतो. त्याला आणताच रानात सोडले नाही; बंदिस्त जागेत ठेवून, तो आपल्या पिकांवर जगतो की काय हे पाहून, मगच बाहेर काढले. पावसाळ्यात भाईंदरच्या गाजर गवतावरही पिवळसर पाठीवर काळ्या रेघा असलेले भुंगे एखादे वेळी दिसतात. त्यांनी गवत संपविले नाही. पण पानांची चाळण झालेली झाडे पाहिली म्हणजे बरे वाटते. एकाच खंडातून दोघे आले. एकाला आपण दारात थांबवून नाव विचारले, दुसऱ्याला विचारले नाही, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या फजितीकडे वळू. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत भाचीकडे गेलो होतो. तिच्या अंगणातील रानफुलांचे ताटवे पाहून आमच्या कुटुंबास भुरळ पडली, आणि निघताना भाचीने हौसेने मिश्र रानफुलांच्या बियांचे एक पाकीट बॅगेत घातले. ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या कृषी मंत्रालयाने न मागविता टपालाने येणाऱ्या संशयास्पद बियांच्या पुड्यांविषयी इशारा दिला होता. तो आम्ही वर्तमानपत्रात वाचला होता आणि लोक किती बेसावध असतात असा अभिप्रायही दिला होता. परंतु ती पाकिटे अनोळखी माणसांची. हे तर भाचीने दिलेले! मुंबईच्या विमानतळावर, ज्यांच्याजवळ जाहीर करण्याजोगे काही नाही त्यांच्यासाठी असलेल्या हिरव्या मार्गाने आम्ही ताठ मानेने बाहेर आलो. बॅगेत लोणच्याची रिकामी बरणी, मुलांसाठी चॉकलेटे आणि ते पाकीट.

पाऊस पडला तसे अर्धे बी आम्ही गच्चीतल्या कुंड्यांत पेरले. उरलेले अर्धे राई गावच्या एका बाईंना दिले. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी. राई-मुर्ध्याकडे अजून जी थोडी शेती टिकून आहे त्यांत त्यांचा एक तुकडा आहे. दर पावसाळ्यात त्यांच्याकडून आमच्या घरी भेंडी आणि शिराळी येतात, आणि घेणाऱ्याला काही तरी देण्याची संधी हवीच असते. चिमूटभर बी देऊन आम्ही मोठ्या समाधानाने परतलो.

कुंड्यांत काही फुले आली, काही रोपे कुजली, आणि तीन-चार रोपे अशी आली की त्यांचे चित्र पाकिटावर नव्हते. आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे एक स्नेही चहाला आले होते, त्यांना ती कौतुकाने दाखविली. त्यांनी पान चुरगळून वास घेतला, मागची शीर पाहिली आणि विचारले, "हे बी कोणत्या वाटेनं आलं?" आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. हे काय आहे ते मला सांगता येत नाही, एवढंच म्हणतो. सगळं बी इथेच आहे ना?"

त्या प्रश्नाने आमचा चहा निवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राईला गेलो. बाईंनी दारातच हसून स्वागत केले. "सर, फुलं बघायला आलात ना? बांधावर लावलीत." भेंडीच्या वाफ्याला लागून बांधाच्या कडेने ती रोपे ओळीने उभी होती. त्यांत लाल-पिवळी फुले डोलत होती आणि मधूनमधून ती नाव नसलेली रोपेही. तीन दशके व्याख्याने देणाऱ्या माणसाला चार वाक्ये बोलण्यास इतका त्रास कधी झाला नसेल. आम्ही सारे सांगितले; परवाना नव्हता हेही सांगितले. बाईंनी पदर खोचला आणि एवढेच विचारले, "यातलं वाईट कुठलं?"

"ते आम्हांला ठाऊक नाही, ताई."

"मग सगळंच काढू."

दुपारपर्यंत आम्ही दोघे आणि त्यांचा मुलगा, तिघे मिळून तो बांध साफ करीत होतो. फुले टाकताना त्यांचा हात क्षणभर थांबला, पण त्यांनी एकही फूल केसांसाठी ठेवले नाही. सर्व रोपे मुळांसकट एका पोत्यात भरली, वाळविली आणि चुलीत घातली. घरी येऊन आम्ही कुंड्यांतील रोपांचे व मातीचेही तसेच केले. माती कढईत भाजताना आमच्या कुटुंबाने भाचीला काही न कळविण्याचे बजावले. आम्ही मात्र तिला कळविले. तिला वाईट वाटले. पण पुढल्या खेपेस ती कोणाच्या बॅगेत पाकीट घालणार नाही.

एखादे बी आधीच पिकून मातीत पडले होते की नाही, हे सांगता येत नाही. मातीत पडलेले बी वर्षानुवर्षे निजून राहू शकते. त्यामुळे तेव्हापासून पहिला जोराचा पाऊस पडून गेला, भाईंदरच्या बाजारात बायका टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसू लागल्या, की आम्ही राईला जातो. आम्ही आणि बाई बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालतो. ज्या रोपाचे नाव दोघांपैकी एकाला सांगता येते ते राहते. ज्याचे सांगता येत नाही ते निघते. हातमोजे आम्ही नेतो, भाकरी त्या करतात. आतापर्यंत त्या पाकिटातले काही पुन्हा उगवलेले दिसले नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र बांधाच्या कोपऱ्यात, रस्त्याकडून भरावाची माती ओघळली होती तेथे, कातरलेल्या पानांचे एक कोवळे रोप दिसले. बाईंनी लांबूनच ओळखले. "हे तर आपलं गाजर गवत," त्या म्हणाल्या. त्या 'आपलं' शब्दाने आम्हांला हसू आले. ते कोणत्या पोत्यातून, कोणत्या साली, कोणाच्या चुकीने आले, हा प्रश्न आमच्या मनात त्या वेळी उभाच राहिला नाही. फूल धरण्याच्या आत आम्ही ते मुळासकट काढले आणि पुढे चालू लागलो.